बार्करव्हिल नीट बघायचं कसं: सोन्याच्या जुन्या गावासाठी दीड दिवसाचा प्लॅन

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला फिरायला जाणारी आपली बरीच मंडळी व्हँकुव्हर, व्हिक्टोरिया, व्हिसलर आणि मग सरळ रॉकीज असा ठरलेला राउंड मारतात, पण वरच्या बाजूला कॅरिबू भागात बार्करव्हिल नावाचं सोन्याच्या खाणीचं जुनं गाव आहे ते लिस्टमध्ये येतच नाही, आणि जे जातात त्यातले निम्मे लोक दोन तासात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात, घोडागाडीबरोबर फोटो काढतात, आईस्क्रीम खातात आणि परत येऊन सांगतात की ठीक आहे, शूटिंगच्या सेटसारखं वाटतं. सेट वगैरे काही नाहीये तो. शंभराहून जास्त जुन्या इमारती आहेत तिथे, बऱ्याचशा मूळ जागेवर. पण चुकीच्या क्रमाने बघितलं तर खरंच सेट वाटतो, हे मान्य. म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की आधी जमिनीखालचं समजून घ्या, मग रस्त्यावरचं बघा, आणि त्यासाठी किमान दीड दिवस काढा.

कधी जायचं

मेन सीझन साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, तिकिटाचे दरही बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. सीझनच्या बाहेर गेलात तर घरं बाहेरून दिसतील पण जुन्या काळातले कपडे घातलेली ती सगळी माणसं नसतील, नाटक नसेल, बहुतेक दुकानं बंद, आणि अर्धी मजा तर त्या माणसांमध्येच आहे. डिसेंबरात जुन्या पद्धतीचा ख्रिसमस करतात, बर्फात ट्यूबवर बसून घसरायची सोयही असते, ते वेगळं प्रकरण, पहिल्यांदा जात असाल तर उन्हाळाच धरा.

जुलै-ऑगस्ट बेस्ट पण एक गोष्ट लक्षात ठेवा, जंगलातले वणवे. जुलै २०२४ मध्ये वणवा जवळ आला म्हणून बार्करव्हिल आणि शेजारचं वेल्स दोन्ही गावं रिकामी करावी लागली होती. त्यामुळे हॉटेल बुक करताना कॅन्सल करता येईल असंच करा आणि निघायच्या आदल्या दिवशी रस्ते आणि वणव्यांची सरकारी माहिती बघा. सप्टेंबरमध्ये गर्दी कमी असते, हवा छान असते, फक्त कार्यक्रम थोडे कमी होतात.

आणि थंडी! गाव समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या वर आहे. खाली क्वेनेलला टीशर्टवर असाल आणि वर जाऊन कुडकुडाल असं होऊ शकतं. जुलैतसुद्धा एक गरम जॅकेट आणि रेनकोट गाडीत हवाच.

पोचायचं कसं

जवळचं मोठं गाव म्हणजे क्वेनेल. लिहिताना स्पेलिंगमध्ये एस आहे पण बोलताना कोणी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. क्वेनेलहून हायवे २६ ने साधारण ८० किलोमीटर, तासभर लागतो. व्हँकुव्हरहून क्वेनेल म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा दिवस ड्रायव्हिंग, लहान मुलं असतील तर मध्ये एक मुक्काम टाका. विमानाने यायचं तर प्रिन्स जॉर्जला उतरून गाडी भाड्याने घेणं सोपं पडतं, तिथून क्वेनेल १२० किलोमीटर. गाडीशिवाय हे जमणार नाही, उगाच बसचा विचार करत बसू नका.

व्हँकुव्हरहून गाडीने जात असाल तर फ्रेझर नदीच्या दरीतल्या रस्त्याने जा, म्हणजे होप, येल, कॅश क्रीक असं. तो नुसता सुंदर रस्ता आहे म्हणून नाही, तर १८६० च्या दशकात सोन्याच्या मागे धावणारे लोक ह्याच बाजूने वर गेले. येलपासून बार्करव्हिलपर्यंत कॅरिबू वॅगन रोड बांधला, १८ फूट रुंद, १८६२ ला सुरू केला आणि १८६५ ला बार्करव्हिलपर्यंत पोचवला, आणि त्या दरीतले कडे बघितले की हे त्यांनी कसं केलं असेल असं वाटतंच. वाटेत १०० माइल हाउस, १५० माइल हाउस अशी गावांची नावं लागतात, मुलं हमखास विचारतात की कुठून १०० मैल. उत्तर आहे लिलुएट. आधीचा रस्ता तिथून निघायचा आणि त्यावरच्या धर्मशाळावजा रोडहाउसना मैलांवरूनच नावं पडली. तर बार्करव्हिलची ट्रिप खरं म्हणजे होपपासूनच सुरू होते, आठ तास झोपून काढू नका.

क्वेनेलला टाकी फुल करा. पुढे रेंज जाते-येते, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. संध्याकाळनंतर रस्त्यावर मूस येतात, मूस म्हणजे हरणाच्या जातीतलं पण घोड्याएवढं धूड, धडक बसली तर गाडीचं आणि आपलं काही खरं नाही. म्हणून अंधारात हायवे २६ टाळा.

राहायचं कुठे

तीन पर्याय. एक, बार्करव्हिलच्या आतच जुन्या घरांमध्ये राहायची सोय असते, खोल्या थोड्या आहेत, लवकर भरतात, पण मिळाली तर घ्याच, कारण संध्याकाळी दिवसाचे पर्यटक गेले की गाव अक्षरशः तुमचं असतं. दोन, बाहेर लागूनच कॅम्पग्राउंड आहेत, तंबू किंवा आरव्ही (आत राहता येईल अशी मोठी गाडी) असेल तर मस्त, फक्त अस्वलांचा भाग आहे, खाणं तंबूत ठेवायचं नाही, कूलर गाडीत. तीन, आठेक किलोमीटर अलीकडे वेल्स. हे वेल्सही खाणीचंच गाव आहे, पण १९३० च्या दशकातलं, मंदीत बाकी सगळं बुडत होतं तेव्हा सोन्याचा भाव चढला आणि फ्रेड वेल्स नावाच्या माणसाने इथे डोंगरातल्या गारेच्या (क्वार्ट्झ दगडाच्या) शिरांमधलं सोनं काढायची खाण चालू केली. आता तिथे चित्रकार वगैरे लोक राहतात, रंगीत घरं आहेत. क्वेनेलला राहून दिवसात जाऊन येणं शक्य आहे, बरेच जण तेच करतात, पण मग दीड दिवसाचा प्लॅन बसत नाही आणि संध्याकाळही हुकते.

गेटवर पहिलं काम

तिकीट काढलं की दिवसाचं वेळापत्रक मागून घ्या आणि तिथेच उभं राहून पाच मिनिटं देऊन ते वाचा. कुठला कार्यक्रम किती वाजता, कुठे, हे त्यात असतं, आणि ते दिवसातून एकदा-दोनदाच होतात, हुकला की हुकला. लोक थेट आत घुसतात आणि दुपारी कळतं की कोर्टाचा कार्यक्रम झाला पण. थिएटरचं तिकीट वेगळं असतं, घोडागाडीचे पैसे वेगळे, पॅनिंगचे (परातीत वाळू धुऊन सोनं शोधायचं) वेगळे, तर बजेट करताना नुसतं एंट्रीचं तिकीट धरू नका. थिएटरची सीट सकाळीच घेऊन टाका.

आता क्रम. समोर मेन स्ट्रीट दिसते आणि पाय आपोआप दुकानांकडे वळतात. नका वळू. आधी पाणचाकाचा कार्यक्रम कुठे आणि किती वाजता आहे ते बघा आणि पहिल्यांदा तिकडे जा.

आधी जमिनीखालचं

इथलं सोनं डोंगराच्या खडकात बोगदा खणून काढलेलं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. विल्यम्स क्रीक नावाचा ओढा आहे, त्याच्या वाळूखडीत, आणि त्यातही सगळ्यात चांगलं सोनं एकदम तळाशी, खडीचा थर संपून पक्का खडक लागतो तिथे. कारण साधं आहे, सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू अडीच-पावणेतीन पट, तर हजारो वर्षं पाणी वाहून-ढवळून सोनं खाली खाली बसत गेलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे रिचफिल्ड नावाची वस्ती होती, तिथे खडक फार खोल नव्हता, तर लोकांना लवकर सोनं लागलं. खालच्या अंगाला घळीच्या पुढे मात्र खडीचा थर प्रचंड जाड, तिथे काही नाही असंच सगळे धरून चालले होते.

बिली बार्कर नावाच्या इंग्रज माणसाने तिथेच खाली खणायला घेतलं. लोक हसले असणार. १७ ऑगस्ट १८६२ ला साधारण ५० फुटांवर त्याला सोनं लागलं आणि त्याच्या शाफ्टभोवती, म्हणजे खाणीच्या त्या उभ्या खड्ड्याभोवती, जे गाव उभं राहिलं ते बार्करव्हिल. एवढं सोनं सापडलेला हा माणूस १८९४ मध्ये व्हिक्टोरियात कफल्लक मेला, हेही तिथे कोणीतरी सांगेलच.

५० फूट खोल ओली खडी खणायची म्हणजे दोन संकटं, एक तर बाजू ढासळतात म्हणून आतून सगळीकडे लाकडी चौकटी आणि टेकू द्यायचे, आणि दुसरं म्हणजे पाणी, ओढ्याच्या पोटातच खणताय तर पाणी येणारच, ते सतत उपसायला हवं. आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखा रहाट लावून बादलीने खडी वर काढायची आणि पाण्यासाठी मोठं लाकडी चाक बसवायचं, वरून लाकडी पन्हळीतून आणलेलं पाणी चाकावर पडणार, चाक फिरणार, त्यावर पंप चालणार. म्हणजे पाणी काढायला पाणीच वापरायचं. चाकाच्या कार्यक्रमात हे सगळं चालवून दाखवतात, आणि तिथली माणसं भयंकर विनोदी आहेत, प्रेक्षकांना क्लेमचे, म्हणजे सोनं काढायचा हक्क असलेल्या जमिनीच्या तुकड्याचे, शेअर विकायचा प्रयत्न करतात. इंग्लिश थोडं जुन्या धाटणीचं असतं, पण कळतं. पुढे बसा.

हे बघून झालं की मग मेन स्ट्रीटवर या. आता बघा फरक.

रस्ता वाचायचा कसा

पहिली गोष्ट, घरं खांबांवर उचललेली का आहेत? फळ्यांचे फूटपाथ दुकानागणिक वरखाली का? वर रिचफिल्डपासून सगळे लोक खडी धुऊन राडारोडा ओढ्यात सोडत होते, तो खाली येऊन साचायचा, ओढ्याचं पात्र वर वर यायचं आणि पूर आला की पाणी घरात. म्हणून घरं उचलत गेले. गावाच्या बाजूने ओढ्याला लाकडी ओंडक्यांचे बांध घातलेले होते तेही ह्याच कारणाने. दुसरं, जुन्या फोटोंमध्ये आजूबाजूचे डोंगर एकदम बोडके दिसतात आणि आता हिरवेगार आहेत. ते सगळं लाकूड शाफ्टच्या टेकूंना, पन्हळींना, घरांना आणि चुलींना गेलं. जुने फोटो गावात जागोजागी लावलेत, त्याच जागी उभं राहून आताचा डोंगर बघा.

तिसरी गोष्ट आग. १६ सप्टेंबर १८६८ ला दुपारी आग लागली आणि दीड तासाच्या आत जवळपास सगळं गाव गेलं. फ्रेडरिक दॅली नावाचा फोटोग्राफर तेव्हा तिथे होता, आदल्या रात्री त्याला घरांच्या छपरांतून बाहेर आलेले धुराड्यांचे पत्रे आणि त्यातून उडणाऱ्या ठिणग्या बघून वाटलं होतं की हे एक दिवस पेटणार, तसं त्याने लिहून ठेवलंय. त्याचा स्टुडिओही जळला. आग कशी लागली ह्याची लोकप्रिय गोष्ट अशी की एका खाणवाल्याने इस्त्री करणाऱ्या मुलीचा मुका घ्यायचा प्रयत्न केला आणि धक्क्याने शेगडीचं धुराडं हललं, खरं-खोटं देव जाणे पण गाईड ती रंगवून सांगतात. महत्त्वाचं हे की तुम्ही जे बघताय ते बहुतेक आगीनंतरचं गाव आहे. लोकांनी दुसऱ्या दिवसापासून परत बांधायला घेतलं, ह्या वेळी रस्ता रुंद ठेवला. थिएटर रॉयल आणि फायर ब्रिगेडचा हॉल एकत्र का आहे हेही मग कळतं.

खरं कुठलं आणि नंतर बांधलेलं कुठलं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. १९२४ मध्येच ह्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला होता, पण जपणुकीचं खरं काम १९५८ च्या आसपास सुरू झालं, ब्रिटिश कोलंबियाची शंभरी होती म्हणून प्रांत सरकारने गाव ताब्यात घेतलं. तेव्हा तिथे माणसं राहत होती बरं का, ओस पडलेलं गाव नव्हतं, त्यांना हलवलं. मग काही इमारती दुरुस्त केल्या, काही जुन्या फोटोंवरून परत उभ्या केल्या. आताचं थिएटर हे परत बांधलेलं. पण रस्त्याच्या टोकाचं सेंट सेव्हियर्स चर्च अस्सल, १८७० चं. आत जा, बाकांवर बसा, लाकूड बघा. मला विचाराल तर अख्ख्या गावात एकच इमारत बघायची असेल तर ही. बाकी ठिकाणी शंका आली तर सरळ विचारा की ही मूळची का, ते लोक लपवत नाहीत, उलट खूश होतात.

आणि एक वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल, की त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला आणि शिकागोच्या पश्चिमेला बार्करव्हिल हे सगळ्यात मोठं शहर होतं. ऐका आणि सोडून द्या. छान वाटतं ऐकायला पण लोकसंख्येचे आकडे प्रत्येकाचे वेगळे आहेत आणि त्या काळात हंगामाप्रमाणे माणसं येत-जात होती.

चायनाटाउन घाईत उरकू नका

मेन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला चायनाटाउन आहे, आणि लोक तोपर्यंत दमलेले असतात म्हणून ते भराभर बघून परत फिरतात. खरं तर इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. कॅरिबूत चिनी लोक फार मोठ्या संख्येने होते, खाणीत तर होतेच पण दुकानं, खानावळी, भाजीचे मळे, सावकारी सगळं होतं, क्वाँग ली नावाची चिनी कंपनी तर भागातल्या मोठ्या व्यापाऱ्यांपैकी एक. युरोपियन लोकांनी सोडून दिलेल्या क्लेमवर चिकाटीने परत काम करून सोनं काढायचे. ची कुंग टाँग ह्या संस्थेची इमारत बघा, परक्या देशात आलेल्या आपल्या माणसांना आसरा, मदत, भांडणं मिटवणं हे सगळं तिथून चालायचं. चायनाटाउनची वेगळी टूर असते, ती घ्याच, पाट्या वाचून तेवढं कळत नाही. परदेशात मंडळ चालवणाऱ्या आपल्या लोकांना तर ती इमारत जास्तच कळेल.

पात्रांशी बोला

जुने कपडे घातलेली जी माणसं फिरतात ती नुसती फोटोसाठी नाहीत. ते ठरावीक साल धरून, ठरावीक व्यक्ती म्हणून बोलतात. आपल्याकडची माणसं इथे लाजतात, लांबून फोटो काढतात आणि पुढे जातात. थांबा आणि प्रश्न विचारा. प्रश्न त्यांच्या काळातला असला की मजा येते, म्हणजे पिठाचा भाव काय, इथपर्यंत कसे आलात, बायको-मुलं कुठे, क्लेममध्ये किती पार्टनर. मुलांना आधीच दोन-तीन प्रश्न तयार करून द्या. तुम्ही कुठून आलात असं त्यांनी विचारलं तर इंडिया म्हणा आणि गंमत बघा, १८६० च्या दशकातला माणूस त्यावर काय बोलेल ते ते लगेच बोलतात. खरंच काही आजचं विचारायचं असेल, टॉयलेट कुठे वगैरे, तर तेही विचारा, चिडत नाहीत.

रिचफिल्डला चालत जायचंच

गावाच्या वरच्या टोकातून जुन्या वॅगन रोडनेच दीडेक किलोमीटर चाललं की रिचफिल्डचं कोर्ट येतं. थोडा चढ आहे, झाडीतून रस्ता, डास असतात. ऐंशी टक्के लोक इथे जात नाहीत असं मला वाटतं आणि म्हणूनच ते बार्करव्हिलला सेट म्हणतात. आताची कोर्टाची इमारत १८८२ ची. तिथे न्यायाधीश मॅथ्यू बेग्बीच्या काळातले खटले नाट्यरूपात करतात, वेळ बघून त्या हिशोबाने निघा.

बेग्बीबद्दल दोन्ही बाजू माहीत असू द्या. कायदा-सुव्यवस्था राखली म्हणून त्याचं कौतुक होतं, पण १८६४ मध्ये वाटाघाटीला म्हणून बोलावलेल्या त्सिल्कोतिन ह्या मूळ रहिवासी लोकांच्या पाच प्रमुखांना त्याच्या कोर्टाने फाशी दिली, तीही क्वेनेललाच. प्रांत सरकारने २०१४ मध्ये त्याबद्दल माफी मागितली आणि २०१८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी ते प्रमुख निर्दोष होते असं संसदेत सांगितलं. सोनं सापडलं त्याच १८६२ मध्ये देवीची साथ येऊन ह्या भागातली मूळ रहिवासी माणसं प्रचंड संख्येने गेली, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. सोन्याच्या गप्पांमध्ये हे मागे पडतं.

एक खटला मात्र आधी वाचून जा म्हणजे परतीच्या वाटेवर उपयोगी पडेल. वेलिंग्टन डेलेनी मोझेस नावाचा एक कृष्णवर्णीय न्हावी बार्करव्हिलमध्ये होता. १८६६ मध्ये येताना त्याची चार्ल्स ब्लेसिंग नावाच्या माणसाशी ओळख झाली, दोघं क्वेनेलपर्यंत बरोबर आले, तिथे जेम्स बॅरी नावाचा जुगारी भेटला. मोझेस उधारी वसूल करायला मागे थांबला आणि ब्लेसिंग बॅरीबरोबर पुढे गेला तो पोचलाच नाही. पुढे बॅरीकडची एक सोन्याच्या नगेटची (नैसर्गिक गोळ्याची) टायपिन मोझेसपर्यंत आली, विशिष्ट आकाराची, ब्लेसिंगचीच. मोझेसने ती ओळखली आणि अधिकाऱ्यांकडे गेला. बॅरी पळाला पण नव्यानेच आलेल्या तारायंत्रामुळे येलला सापडला. १८६७ च्या ऑगस्टमध्ये त्याला रिचफिल्डला फाशी झाली. मोझेसचं न्हाव्याचं दुकान मेन स्ट्रीटवर आहे, तिथून पुढे जाताना आठवण ठेवा.

पॅनिंग

मुलांना हे सगळ्यात आवडतं. पॅनमध्ये खडी-वाळू घ्या, पाण्यात पूर्ण बुडवून आधी जोरात गदागदा हलवा, म्हणजे सोनं खाली बसेल. ही पायरी सगळे गाळतात आणि लगेच तिरकं करून ओतायला लागतात, मग सोनंही जातं. हलवून झालं की पॅन किंचित पुढे झुकवून वरची वाळू लाटेसारखी थोडी थोडी जाऊ द्या, मोठे गोटे हाताने काढा, परत हलवा, परत जाऊ द्या. शेवटी काळी रेती उरते, ती जड असते, आता एकदम सावकाश, चमचाभर पाण्यात पॅन गोल फिरवा. काळ्या रेतीच्या मागे पिवळा ठिपका राहिला तर तेच. चमकणारा पण पाण्याबरोबर तरंगत पळणारा तुकडा अभ्रकाचा, सोनं पळत नाही. जे मिळेल ते इतकंसं असतं की त्यावर घर चालणार नाही, पण छोट्या बाटलीत भरून देतात.

बाहेर कुठल्याही ओढ्यात स्वतःचा पॅन घेऊन बसू नका. ह्या भागात आजही लोकांचे क्लेम आहेत, दुसऱ्याच्या क्लेममध्ये परवानगीशिवाय खडी धुणं म्हणजे सरळ भांडण. गावातल्या पॅनिंगच्या जागीच करा.

आईबाबा, लहान मुलं, खाणं

फूटपाथला पायऱ्या आणि फळ्यांमध्ये फटी, रस्ता मातीचा, पाऊस झाला की चिखल. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी फूटपाथ सोडून सरळ मधल्या रस्त्याने चालावं, तो बऱ्यापैकी सपाट आहे, आणि एकदा घोडागाडीने चक्कर मारून कुठे काय आहे ते बघून घ्यावं. रिचफिल्डचा चढ मात्र चालतच, तर त्यांना तेवढा वेळ थिएटरच्या शोला बसवा. बाबागाडी मोठ्या चाकांची हवी.

खायला गावात बेकरी असते, ताज्या पावाचा वास रस्त्यावर येतो, रेस्टॉरंटही असतात पण कुठलं चालू आहे हे सीझनप्रमाणे बदलतं. शाकाहारी असाल तर पर्याय कमी, क्वेनेलहून काहीतरी बांधून घ्या, बसायला बाकडी आहेत. पाण्याची बाटली, टोपी, डासांचं औषध, थोडी रोख रक्कम. बूट चिखलातून जाणारे घाला, पांढरे नको.

दुसरा अर्धा दिवस

सकाळी लवकर, गर्दी यायच्या आत, मेन स्ट्रीटवरून परत एकदा चाला. आदल्या दिवशी ऐकलेलं सगळं आता जागेवर बसतं, आणि फोटोही ह्या वेळी काढा, उजेड चांगला असतो आणि कोणाची पाठ फ्रेममध्ये येत नाही. मग बाहेर पडून कॅमेरॉनटाउनच्या कबरस्तानात जा. तिथे जॉन कॅमेरॉन पुरलेला आहे. त्याची बायको सोफिया १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये टायफॉइडने गेली, तिला घरी परत नेईन असं तिला वचन दिलेलं, आणि डिसेंबरात त्याला प्रचंड सोनं लागलं. मग भर हिवाळ्यात तिची शवपेटी स्लेजवर घालून माणसं लावून ओढत किनाऱ्यापर्यंत नेली आणि नंतर पार ऑन्टारिओला. स्वतः मात्र पुढे पैसे घालवून शेवटी परत इथेच आला आणि १८८८ मध्ये इथेच वारला.

वेळ असेल आणि पाण्याची आवड असेल तर तिथून तीसेक किलोमीटरवर बोरॉन लेक आहे, ११६ किलोमीटरच्या कॅनो सर्किटसाठी, म्हणजे छोट्या होडीने करायच्या फेरीसाठी प्रसिद्ध. सर्किटला बरेच दिवस आणि आधी बुकिंग लागतं, पण तळ्याकाठी बसून जेवायला काही लागत नाही.

परतताना हायवे २६ वर आधी ब्लेसिंगची कबर लागते, रस्त्याला लागून छोटा पार्क आहे, पाटी बघत हळू चालवा नाहीतर निघून जाते. त्याच्या कबरीवर फलक आणि कुंपण मोझेसने लोकांकडून वर्गणी काढून घातलं होतं. पुढे क्वेनेलच्या बाजूला कॉटनवुड हाउस, जुन्या वॅगन रोडवरचं रोडहाउस, १८६० च्या दशकातलं, बॉइड नावाच्या एका घराण्याने ते कित्येक दशकं चालवलं. अर्धा तास पुरतो. उघडं आहे का ते मात्र जातानाच बघून ठेवा, कारण तिथून पुढे क्वेनेलपर्यंत थांबायला फारसं काही नाही.